अंगठ्याला गूळ

आमच्या गावच्या गुरवाने मला फसवलं. हे मी कुणाच्या माघारी कुजबुजत नाही, चारचौघांत बोलतो आणि इथे लिहूनही ठेवतो. भैरवनाथाच्या गाभाऱ्यात, देवाच्या तोंडासमोर, माझी बायको हात जोडून शेजारी उभी असताना, त्याने अंगठ्याला गूळ लावून मला फसवलं. आणि मी कोण? बैलांचा दलाल. रुमालाखाली दुसऱ्याची बोटं दाबून सौदे करण्यात ज्याची उमर गेली, तो मी. बेल्ह्यापासून चाकणपर्यंत एकाही बाजारात मला कुणी बोटांनी फसवलेलं नाही. फसवलं ते बंडीला धड बटणं नसलेल्या एका गुरवाने.

त्याला सगळं गाव तात्या म्हणायचं. डिंगोऱ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं गाव, गावाच्या वरच्या अंगाला नाथाचं देऊळ आणि देवळाच्या मागे तात्याची दोन खोल्यांची वस्ती. अंगाने काटकुळा, आवाज मात्र असा की देवळात बोलला तर बसथांब्यावरचा माणूस मागे वळून बघायचा. देवाशी त्याचं बोलणं मालकाशी नोकराने बोलावं तसं कधीच नव्हतं. एका खोलीत बरीच वर्षं राहून एकमेकांना कंटाळलेल्या दोन माणसांसारखं ते होतं. सकाळी दार उघडलं की म्हणायचा, "उठा नाथसाहेब, लोकं कामाला लागली." अंघोळ घालताना पाणी गार असलं तर स्वतःच शहारायचा आणि देवाला म्हणायचा, "तुमाला काय, तुमी दगड." कुणी भाविक हे ऐकून दचकला की त्याला समजावायचा, "त्यो रागवत न्हाई. रागवला असता तर पयला मीच गेलो असतो."

तात्याची खरी ख्याती कौलाची. तुमच्यातल्या बहुतेकांनी कौल पाहिला असेल, तरी ज्यांनी नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शेंदराच्या मूर्तीच्या छातीवर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा झेंडूच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. मग देवाला प्रश्न घालायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नाही. बोअर कुठे घ्यायचं, पोरीला कुठे द्यायची, टोमॅटो लावायचा की नाही, ऑपरेशन पुण्यात करायचं की नाशकात, सगळं त्या दोन पाकळ्यांवर. राजुरीपासून लोक मोटारी करून यायचे. कधी कधी दोन्ही पाकळ्या हट्टाने चिकटून राहायच्या. मग तात्या मूर्तीकडे बघून खेकसायचा, "ठरवा की राव लवकर! पावण्याला मोटर चालू करायचीय, आठला लाईट जातीय."

मी धंद्याने माणसं वाचतो. बैल घ्यायला आलेला माणूस बैलाकडे बघत असतो तेव्हा मी त्याच्याकडे बघतो. तात्याही पाकळ्यांकडे कधी बघत नसे. प्रश्न घालणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा, बरोबर आलेल्या बायकोच्या तोंडाकडे बघायचा, उंबऱ्याबाहेर मान खाली घालून उभ्या असलेल्या पोरीकडे बघायचा. एकदा एक बाप आपल्या मुलीचं स्थळ घेऊन आला. नवरदेवाची बागाईत काय, ट्रॅक्टर काय, बाप सांगता थकेना. तात्या त्या मुलीकडे एकदा बघून आला, पाकळ्या लावल्या, आणि डावी अशी झटक्यात पडली की जणू तिलाच घाई होती. बाप म्हणाला, "पुन्हा लावा." पुन्हा डावी. मी तिथेच होतो. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. देवळात गेलं की माणूस चपलांबरोबर अक्कलही बाहेर ठेवतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

शर्यतींच्या दिवसांत तर गंमतच. एकाच घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळणाऱ्या दोन बैलगाड्यांचे मालक एकाच सकाळी, तासाभराच्या अंतराने, येऊन गेले. दोघांनाही उजवा कौल. शर्यत झाली, त्यातला एक हरला आणि संध्याकाळी गुलाल न लागलेल्या तोंडाने तणतणत देवळात आला. तात्या शांतपणे तंबाखू मळत म्हणाला, "तू काय इचारलं व्हतं? बैल पळंल का. पळाला का न्हाई?"

"पळाला. पण दुसरा आला!"

"दुसरा येईल का, असं तू इचारलंच न्हाई. देवाला वकिलागत प्रश्न घालायला शिका जरा."

माझ्यावर त्याचा वेगळा जीव होता. मला तो नावाने कधी हाक मारत नसे, "ये दलाल," म्हणायचा. प्रत्येक बाजाराला निघताना मी नाथाला नारळ फोडायचो, सौदा जमला तर येताना पेढे. एकदा कळंबच्या एका पावण्याला मी एक बैल दिला. बैल देखणा, पण मागच्या पायात कसर होती. मला ठाऊक होतं. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. महिन्याभरात बैल लंगडला आणि पावणा गावात येऊन माझ्या नावाने ओरडून गेला. मी तात्याजवळ बसून म्हणालो, "आता बैल लंगडला, त्याला मी काय करणार? नाथाची इच्छा."

तात्याने हातातलं आरतीचं तबक खाली ठेवलं. "दलाल, मागल्या साली तुझा त्यो पांढरा बैल घाटात पयला आला, तवा काय म्हणाला व्हतास? माझी पारख, म्हणाला व्हतास. पेपरात फोटो बी छापून आणला. बैल पळाला की तुझी पारख आन् लंगडला की नाथाची इच्छा? नाथाला काय तू हमाल ठेवलाय?"

मी चिडून उठलो. मी लवकर चिडतो, हे आमच्या तालुक्यात कुणाला सांगायला नको. आठ दिवस देवळाकडे फिरकलो नाही. नवव्या दिवशी त्यानेच निरोप धाडला, की नाथ विचारतोय, नारळ बंद केलास का.

आता मूळ गोष्ट. आमचा बाप, आबा, शेवटचे काही महिने अंथरुणाला खिळून होता. मी बाजार फिरत होतो, घरी थोरला भाऊ होता. आबा गेल्यावर कळलं की विहीर आणि विहिरीखालचं रान दादाने एकट्याच्या नावावर करून घेतलंय. माझ्या वाट्याला आली ती वरची मुरमाड पट्टी, जिथे कुसळाशिवाय काही उगवत नाही. त्या विहिरीच्या खोदाईला मी वयाच्या सोळाव्या वर्षी पाट्या वाहिल्या होत्या. मी जुन्नरला वकील गाठला, कागद तयार केले. खरं सांगायचं तर कोर्टाआधी दादाचे पाय मोडायचे, असंही मनात होतं. बायको रडायला लागली. म्हणाली, "एकदा नाथाला इचारा, मग काय ते करा." मला खात्री होती. न्याय माझ्या बाजूने होता, मग देव कुणाच्या बाजूने असणार?

कोर्टात जाऊ का, असा प्रश्न मी घातला. तात्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग पाकळ्या लावल्या. पहिल्यांदा दोन्ही चिकटून राहिल्या. दुसऱ्यांदा उजवी सरकायला लागली, माझ्या डोळ्यांनी मी बघितली, आणि तेवढ्यात तात्याला असा खोकला आला की त्याचा हात मूर्तीला लागला. "बाटला कौल," म्हणाला. नैवेद्याच्या ताटाकडे वळला, काहीतरी खुडबुड केली, पुन्हा पाकळ्या लावल्या. डावी पडली. उजवी हलेना. बायकोने जमिनीला डोकं टेकलं. मी कागद घेऊन घरी आलो आणि कपाटात टाकले.

त्यानंतर जे झालं त्याची मला कल्पनाच नव्हती. गावात बातमी पसरली, की हक्काचं असून भावासाठी सोडलं. हरिनाम सप्ताहात कीर्तनकाराने माझं नाव घेतलं. माझं! ज्याच्या नावाने कळंबचा पावणा बोटं मोडत होता, त्याचं! लोक भावाभावांच्या भांडणात मला मध्यस्थीला बोलवायला लागले. मलाही ते आवडायला लागलं. दादाच्या मुलीच्या लग्नात मी पुढे होऊन उभा राहिलो, पंगतीत वाढलं. मुरमाड पट्टीवर गोठा बांधला, बोअर घेतलं, त्याला पाणी लागलं, आणि धंदा असा वाढला की विहिरीची आठवण फक्त रागापुरती उरली. बारा वर्षं गेली. माझ्या आयुष्यात सौदा न करता केलेलं एकच मोठं काम होतं, आणि ते हे होतं.

मागच्या वर्षी तात्याला साखर निघाली. पाय सुजले, दिसेना झालं. चाकणला कंपनीत असलेला त्याचा मुलगा न्यायला आला. सामान टेम्पोत भरत होते आणि तात्या देवळाच्या पायरीवर बसला होता. मी नारळ घेऊन गेलो, जवळ बसलो.

"डॉक्टरनं गूळ बंद केला," तो म्हणाला. "हरकत न्हाई. तोंडाला जेवढा लावला त्याच्यापरीस अंगठ्याला जास्ती लावलाय."

मला कळेना. मग त्याने सांगितलं. नैवेद्याच्या गुळात अंगठा बुडवायचा, जी पाकळी पडू द्यायची नाही ती त्या अंगठ्याने दाबायची. ती हलत नाही, दुसरी पडते. "तुझा बी तसाच लावला, दलाल. उजवी पडत व्हती. नाथ तुला कोर्टात जा म्हणत व्हता. मी म्हणलं, नगं."

माझं डोकं सणकलं. "तात्या, तुम्ही मला फसवलं?"

"व्हय. मी केलं."

"देवाच्या नावाने?"

"त्याचं आमी दोघं बघून घेऊ. तू तुझं बोल."

मी त्याची बंडी धरली. साठी ओलांडलेल्या आजारी माणसाची गचांडी धरली, याची मला लाज वाटत नाही असं नाही, पण धरली. बंडीचं होतं ते एक बटणही तुटून पायरीवरून घरंगळत गेलं. तात्या हसायला लागला. "धर, धर. त्याच्यासाठीच तर गूळ लावला." आणि मग त्याने धनगरवाड्यावरच्या भीमाची गोष्ट सांगितली.

भीमा मेंढरं घेऊन निघायचं का म्हणून कौल लावायला आला होता. आभाळ उतरून आलेलं तात्याला दिसत होतं. तेव्हा तो प्रामाणिकपणे कौल लावायचा. त्याने तोंड बंद ठेवलं आणि पाकळीवर सोडलं. उजवी पडली. भीमा निघाला, वाटेत गारपीट झाली, आणि निम्मा कळप माळावर मरून पडला.

"परत आला तवा मला वाटलं, आता शिव्या देईल," तात्या म्हणाला. "त्यानं नारळ ठेवला. म्हणाला, देवाची मर्जी. पाया पडला आन् गेला. दलाल, मला आभाळ दिसत व्हतं! मी गप बसलो. मेंढरं मेली, आन् कुणीच काय केलं न्हाई. भीमानं न्हाई, मी न्हाई, देवानं न्हाई. असं कसं चालंल? तवा ठरवलं, आता पाकळी आपुन पाडायची. चुकलं तर गचांडी धरायला कुणीतरी पायजे. नाथाला तर बंडीच न्हाई."

मी हात काढला. पण दलाल तो दलाल, मी सौदा सोडला नाही. म्हणालो, "मग माझा कौल मला परत द्या. उजवा होता ना? उजवा द्या."

"दिला. जा कोर्टात."

मी बसूनच राहिलो.

"का रं? कुणी धरलंय?"

"बारा वर्षांपूर्वी तुम्ही धरलं होतं."

"मी पाकळी धरली व्हती, तुला न्हाई. सरपंचाला तीन येळा डावा आला, तरी निवडणुकीला हुबा ऱ्हायलाच का न्हाई? ज्याला जायचं असतं त्यो जातो. तू थांबलास."

"देवाने सांगितलं म्हणून थांबलो!"

"देवानं तर जा म्हणून सांगितलं व्हतं," तात्या म्हणाला आणि खोकत खोकत एवढा हसला, की मुलगा टेम्पोतून उतरून धावत आला.

जाताना तात्या कुणाच्या तरी आधाराने गाभाऱ्यात गेला. त्याला आता मूर्ती दिसत नव्हती, तरी नेमकी तिच्याकडे तोंड करून म्हणाला, "नाथसाहेब, आता नवीन माणूस येईल. त्याला वळण लावा. मला तर तुमाला लावता आलं न्हाई." तीन महिन्यांनी चाकणलाच तो वारला.

मधल्या तीन महिन्यांत माझी झोप उडाली. हिशेब सोपा नव्हता. देवाने थांबवलं असतं तर पुण्य देवाचं, मी नुसता हुकूम पाळणारा. तात्याने थांबवलं म्हणावं तर पुण्य एका गुळाच्या खड्याचं. आणि मी स्वतः थांबलो म्हणावं, तर त्या दिवशी कागद कपाटात टाकताना मी दादाला माफ केलं होतं, की देवाच्या भीतीने दात आवळले होते? मला आठवेना. खरंच आठवेना. सप्ताहातल्या कौतुकाने मधलं सगळं पुसून टाकलं होतं. लोक मध्यस्थीला बोलवायला आले की मी आजारी असल्याचं सांगायला लागलो.

तात्याचा दहावा त्याच्या इच्छेप्रमाणे आमच्याच गावात, नदीकाठी झाला. दादा माझ्या शेजारी बसला होता. मला राहवलं नाही, मी त्याला गुळाची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं तो हसेल, नाहीतर घाबरेल, की आता हा कोर्टात जातो की काय. दादाचं तोंड मात्र पांढरंफटक पडलं.

"बाळू," तो म्हणाला, "कौल मी बी लावला व्हता."

"कशाचा?"

"विहिरीचा. आबा पडून व्हतं तवा. नावावर करू का म्हणून."

"काय आला?"

"उजवा."

 मग मी विचारलं, "त्याला गूळ होता का?"

"मला काय ठावं! मी डोळं मिटलं व्हतं."

आता तुम्हीच बघा. गूळ असेल, तर माझ्या बापाचं घर तात्यानेच फोडलं आणि त्यानेच दुसऱ्या खड्याने चिकटवलं. त्याने दादाच्या तोंडावर काय वाचलं असेल? दादाला चार लेकरं, मी बाजारात मोकळा, म्हणून त्याला वाटलं असेल की द्यावी विहीर? आणि गूळ नसेल, तर नाथानेच भावाला भावाचं घ्यायला सांगितलं, आणि वर मला कोर्टात जा म्हणून चिथावलं. असा देव आमच्या बाजारात दलाल म्हणून एक दिवस टिकला नसता, लोकांनी दोन्हीकडून झोडपला असता. खरं काय ते सांगणारा एकच होता आणि त्याच्या दहाव्याला आम्ही बसलो होतो.

दादाचा चेहरा मात्र हळूहळू सैल झाला. बोलला, "गूळ असंल तर तात्याचं पाप. नसंल तर नाथाची आज्ञा. दोन्हीकडनं बघितलं तरी मी इचारूनच केलं, बाळू. तुला पायजे असंल तर अर्धी विहीर घे, मी आज तलाठ्याकडं येतो."

मी म्हणालो, "विहीर नको. मला बोअरला पाणी आहे. तू एकच कर. 'मी घेतली' एवढं म्हण."

"कौल व्हता म्हणून..."

"कौल जाऊ दे. तात्या जाऊ दे. नाथ जाऊ दे. डोळे मिटून का असेना, कौल लावायला कोण गेलं होतं? विहीर कुणी घेतली?"

दादाने उपरणं झटकलं. "लाईट यायची येळ झाली," म्हणाला आणि उठून गेला.

त्याला आता सहा महिने झाले. तात्यावरचा माझा राग गेलेला नाही, पण त्याच्यासारखा माणूसही मला पुन्हा भेटलेला नाही. एवढ्या सगळ्या भानगडीत तोंडावर "मी केलं" म्हणणारा तो एकटा निघाला, आणि तेही गचांडी धरायच्या आधी. नवा गुरव फार भाविक आहे. पाकळ्यांकडे टक लावून बघतो, माणसांकडे बघतच नाही. मी कौलाला जात नाही.

दादा, तुझी मुलगी तुला हे वाचून दाखवेल, म्हणून शेवटचं तुलाच लिहितो. वकिलाचे कागद पिवळे पडले, पण कपाटात आहेत. ते फाडायचे की जुन्नरला न्यायचे, हे या वेळी मी कुणाला विचारून करणार नाही. जे करीन ते मी केलं म्हणून करीन. पण त्याआधी तू उत्तर द्यायचंस. तात्या गेला, देव बोलत नाही, तुला तोंड आहे. उद्या सकाळी माझ्या ओट्यावर ये, चहा घे, आणि मला सांग: माझी विहीर कुणी घेतली?